लेबलावर ॲनिसोल

आमच्या रसायन संस्थेत ईथरशी कुणाचं जमलं असेल, तर ते एकट्या स्तामेना मावशीचं. इतरांच्या हातून ते उडून जायचं, पेटायचं, नाहीतर भर दुपारी डोकं तरी धरायचं. स्तामेना दुसऱ्या वर्षाच्या प्रयोगशाळेत एकोणतीस वर्षं साहाय्यक होती आणि तिच्या हातून ईथरचा एक थेंब कधी भलतीकडे गेला नाही. प्रत्येक तपकिरी बाटलीत ती तांब्याच्या तारेचं वेटोळं सोडायची. महिन्याच्या पहिल्या सोमवारी आयोडाइडचा कागद बुडवून बघायची. कागद पिवळा पडला की त्या बाटलीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत तिला हिराकसाच्या पाण्यात घुसळून काढायची. हवा लागून लागून ईथरच्या पोटात स्फोटक पेरॉक्साइड साठतं हे सगळ्या पुस्तकांत आहे. ते वाचून जिला खरोखर घाम फुटला, अशी आमच्याकडे ती एकटीच.

आणि तिचं शिक्षण किती, तर सातवी. डोंगरातल्या गावात तंबाखूची पानं ओवून काळी पडलेली बोटं घेऊन सतराव्या वर्षी ती इथे काचसामान धुवायला आली. धुता धुता तिनं एवढं उचललं, की दहा वर्षांत विद्यार्थी प्राध्यापकांना टाळून तिला विचारायला लागले. दर आठवड्याला चाळीस परीक्षानळ्यांत बिननावाचे द्रव भरून ती विद्यार्थ्यांपुढे ठेवायची. आत काय आहे ते त्यांनी प्रयोग करून ओळखायचं. अल्कोहोल आलं तर पोरं खूश, कारण सोडियमचा तुकडा टाकला की ते लगेच फसफसून कबुली देतं. आम्ल आलं तरी खूश. पण नळीत ईथर निघालं, की पोरींच्या डोळ्यांत पाणी यायचं. सोडियम टाका, गप्प. परमँगनेट टाका, गप्प. आम्ल, अल्कली, काय वाटेल ते टाका, रुसलेल्या जावयासारखं ढिम्म बसून राहणार.

"काहीच होत नाही हो, मावशी!" एखादी रडवेली व्हायची.

"काहीच होत नाही, हेच तर होतंय. लिही की तसं!" स्तामेना म्हणायची. "दोन धडांच्या मधे ऑक्सिजन बसलाय, दोघांचे हात घट्ट धरून. त्याला कशाला कुणाशी बोलायचंय? आता हायड्रोआयोडिक आम्ल घे आणि उकळ. एक हात सुटेल. मग बघ कसा घडाघडा बोलतो ते."

आणखी एक वाक्य ती इतक्यांदा बोलायची, की पोरं तिची नक्कल करताना तेच म्हणायची: "लेबल म्हणजे दुसऱ्यानं सांगितलेली गोष्ट. तपासल्याशिवाय मानायची नाही." एवढ्या ठामपणे ती हे का सांगते, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं, तरी तिनं सांगितलं नसतं.

कारण असं, की वरच्या फळीवर, अगदी भिंतीला टेकून, दोन लिटरची एक बाटली होती. तिच्यावर स्तामेनाच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'ॲनिसोल. मिथाइल फिनाइल ईथर.' आत होती मास्तिका, आमच्याकडची बडीशेपेच्या वासाची घरगुती दारू. प्रयोगशाळेच्या शुद्ध अल्कोहोलमध्ये बडीशेपेची बहीण शोभावी असली ती विलायती बडीशेप महिनाभर भिजवायची, गाळायची, साखर घालायची, पाणी बेतानं सोडायचं. कृती आईची, अल्कोहोल सरकारचं. अल्कोहोल असं लेबल लावलं, तर बाटली आठवडाभर टिकत नाही. कवटीचं चित्र लावलं, तर तपासणीवाले घाबरून मोरीत ओततात. एकदा तसं झालंही होतं, आणि तो दिवस आठवला की स्तामेनाला अजून हळहळ वाटायची. मग तिनं डोकं चालवलं. जे कुणाला कशालाच लागत नाही, ज्यावर कसलाच प्रयोग होत नाही, असं एखादं ईथर हवं. ॲनिसोलला वासही जवळजवळ त्याच बडीशेपेचा. हुंगून बघणाऱ्याचंही समाधान.

आठ मार्चच्या महिला दिनाला, द्राक्षमळ्यांच्या संताच्या सणाला, किंवा कुणाचा प्रबंध मंजूर झाला की ती बाटली खाली यायची. पंचवीस मिलीच्या चंचुपात्रांत मास्तिका, वर थंड पाणी, की सगळं दुधासारखं पांढरं; शेजारी काकडी आणि चीज. सगळ्या संस्थेला ठाऊक होतं आणि सगळी संस्था तोंड शिवून होती. माहीत नव्हतं ते फक्त डॉक्टर मुताफोव यांना.

मुताफोव त्या शरद ऋतूत विभागप्रमुख होऊन आले. सडपातळ माणूस, चष्मा, चहा सोडून काही पीत नाही अशी ख्याती. लाइप्झिगला सहा वर्षं काढल्यामुळे त्यांची मान बिघडली होती. आम्ही नाही म्हणायला मान वर झटकतो आणि हो म्हणायला डावी-उजवीकडे हलवतो; हे गृहस्थ कधी आमच्यासारखी हलवत, कधी जर्मनांसारखी, त्यामुळे रजा मंजूर झाली की नाही हे कळायला लोकांना तिसऱ्या दिवसापर्यंत थांबावं लागे. पण कामाला वाघ, आणि नियमाला त्याहून वाघ. मे महिन्यात त्यांनी फर्मान काढलं: प्रमाणपत्र नसलेल्या माणसानं प्रयोगाच्या ओट्याशी उभं राहायचं नाही. परीक्षा द्यावी, नाहीतर खाली कोट ठेवण्याच्या खोलीत बदली घ्यावी.

संस्थेत प्रमाणपत्र नसलेला माणूस एकच होता. निवृत्तीला नऊ वर्षं होती. ती नऊ वर्षं लोकांचे ओले कोट खुंटीला टांगत काढायची! स्तामेना कुणाशी भांडली नाही. परीक्षेच्या अर्जावर तिनं सही केली आणि पेन इतक्या जोरात टेकवलं की कागद फाटला.

परीक्षा गुरुवारी दुपारी दोनला. समितीत तिघं: मुताफोव, पक्षाचे चिटणीस कॉम्रेड ग्युरोव आणि कामगार संघाच्या कॉम्रेड वांगेलोवा. ग्युरोव म्हणजे गोल चेहऱ्याचा, सगळ्यांच्या खांद्यावर हात टाकणारा माणूस. रसायनातलं त्याला फक्त ओतता यायचं. वांगेलोवाबाई मनानं चांगल्या, पण तोंडाला झाकण नाही.

"द्रव एक आहे. कोणता ते ओळखायचं," मुताफोव म्हणाले. "आणि हे घ्या."

त्यांनी कापसाचे दोन बोळे पुढे केले.

"हे काय?"

"नाकात घालायला. तुम्ही सगळं वासावर ओळखता असं ऐकतो. नाक ही पात्रता नव्हे."

"मग डोळेही बांधा ना," स्तामेना म्हणाली. पण तिनं बोळे घातले. त्यामुळे पुढचा सगळा वेळ ती पडसं झाल्यासारखी बोलत होती.

मुताफोवांनी सकाळी स्वतः कपाट उघडून मुद्दाम ईथर निवडलं होतं. कशालाच दाद न देणारा द्रव. हिला जर खरंच काही येत असेल, तर इथे कळेल. त्यांनी वरच्या फळीवरचं लेबल वाचलं, बूच काढून हुंगलं, समाधान पावले आणि नळी भरली. डॉक्टरेट केलेला माणूस, पण लेबलावर विसंबला.

स्तामेनानं रॉकेलमधून सोडियम काढलं, टिपकागदावर पुसलं, मोहरीएवढा तुकडा नळीत सोडला. फस्सकन बुडबुडे उठले. तुकडा गरगर फिरला आणि नाहीसा झाला.

मुताफोवांच्या भुवया जरा वर गेल्या. "नळी ओली असेल."

तिनं कोरडी नळी घेतली. पुन्हा फस्स.

"असो," मुताफोव म्हणाले. "पुढे."

परमँगनेटचा गुलाबी रंग बघता बघता तपकिरी झाला. म्हणजे कुठेतरी दुहेरी बंध. आयोडीन आणि अल्कली घातलं, तर पिवळाजर्द गाळ. हे तर अल्कोहोलचं घरचं लक्षण. स्तामेना चक्रावली. मग तिनं हायड्रोआयोडिक आम्ल घालून नळी उकळत ठेवली आणि तोंडाशी पाऱ्याच्या क्षारात भिजवलेला कागद धरला. कागद पिवळा झाला, मग नारिंगी, मग कुंकवासारखा लाल.

"व्वा!" ग्युरोव टाळी वाजवून म्हणाला. त्याला लाल रंग कशालाही आला की आवडायचा.

"हात सुटला," मुताफोव म्हणाले. "ऑक्सिजनला चिकटलेला मिथाइल गट. म्हणजे ईथर आहे. असा वास... तुम्हाला येत नाहीये म्हणा. तर मग ॲनिसोल?"

"एक मिनिट. पाण्यात विरघळतं का ते बघायचं राहिलं."

तिनं नव्या नळीत थोडा द्रव घेतला आणि वरून गार पाणी सोडलं. ॲनिसोल असतं, तर तेलासारखा थर वेगळा झाला असता. नळीत पांढरा धूर उतरल्यासारखं झालं आणि क्षणात सगळं दुधाळ, दाट, ढगासारखं पांढरं.

असं पांढरं काय होतं, हे आमच्या देशात शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. ग्युरोवनं ओठ चाटले.

"बर्फ आहे का?" वांगेलोवाबाईंच्या तोंडून निघून गेलं.

मुताफोवांनी वळून बघितलं. "बर्फ कशाला?"

"म्हणजे... नमुना थंड करायला हो," बाई म्हणाल्या आणि लालेलाल झाल्या.

स्तामेनानं मात्र नळी उजेडात धरली. तो पांढरा ढग तिनं स्वतःच्या हातानं केलेला होता, एकोणतीस वर्षं. चाळीस बाटल्या सोडून या माणसानं नेमकी तीच उचलली होती. खरं लिहावं, तर सरकारी अल्कोहोल खोट्या नावाखाली ठेवणारी बाई म्हणून कोटांची खोलीसुद्धा मिळणार नाही. आणि ॲनिसोल लिहावं, तर सहापैकी सहा. ओटा आपला, सुटका.

मुताफोव खिडकी उघडायला गेले. ग्युरोव तेवढ्यात तिच्या कानाशी आला.

"मावशी, शहाणपणा करू नकोस. ॲनिसोल लिही आणि मोकळी हो. त्यालाही तेच हवंय, आम्हालाही तेच हवंय."

"पण ते ॲनिसोल नाहीये रे."

"कळतंय गं मला काय आहे ते! म्हणून तर सांगतोय. बाटली खाली आली, तर सगळ्यांचं नाव निघेल."

"कॉम्रेड ग्युरोव, परीक्षार्थीशी बोलू नये," मुताफोव खिडकीतूनच म्हणाले. मग परत येऊन बसले, आणि अगदी गोड आवाजात, त्यांच्या स्वभावाला न शोभणाऱ्या गोड आवाजात म्हणाले, "उशीर होतोय. ॲनिसोल लिहायचं ना? मीही तेच लिहून ठेवलंय. सही करू आणि उठू."

स्तामेनानं पेन उचललं. खरं सांगायचं, तर तिनं 'ॲ' काढलाही. मग त्या लाल कागदाकडे बघितलं, त्या पिवळ्या गाळाकडे बघितलं, आणि तिला स्वतःचाच इतका संताप आला की तिनं ते अक्षर खोडून टाकलं. चोर म्हणवून घेणं तिला एक वेळ चाललं असतं, पण डोळ्यांसमोर सोडियम फसफसलेलं असताना ॲनिसोल लिहिणं नाही. तिनं लिहिलं, आणि बोळे घातलेल्या नाकातून मोठ्यानं वाचून दाखवलं:

"नमुन्यात ईथर आहे, पण ॲनिसोल नाही. विलायती बडीशेपेतलं अनेथोल. एका बाजूला मिथाइल गट, दुसऱ्या बाजूला दुहेरी बंध. ते इथाइल अल्कोहोलमध्ये विरघळवलंय. अल्कोहोल पंचेचाळीस टक्के. बाकी पाणी आणि साखर." ती थांबली. "याला लोक मास्तिका म्हणतात. मी केलेली आहे. लेबल माझं आहे."

वांगेलोवाबाईंनी कपाळाला हात लावला. ग्युरोव एकदम उठला. "बाटली मी घेऊन येतो! मी आणतो!"

"बसा," मुताफोव म्हणाले. "मी आणतो."

त्यांनी स्वतः बाटली खाली काढली, बुचावर कागद डकवून सही केली आणि ती आपल्या खोलीत नेली. निकाल उद्या सकाळी दहाला, एवढंच बोलले.

त्या संध्याकाळी स्तामेनाच्या नवऱ्यानं काकडी-दह्याचं थंडगार सार केलं होतं. तिनं त्यात दोनदा मीठ घातलं आणि दोन्ही वेळा न चाखता ताट सरकवलं. "कोटांच्या खोलीत निदान ऊब असते," नवरा समजूत काढायला म्हणाला. त्यावर ती त्याच्याशी बोलेना.

सकाळी दहाला ती गेली, तेव्हा मुताफोव ओट्याशी उभे होते आणि मोजपात्रात तरंगता अल्कोहोलमापक होता. शेजारी परीक्षेचा कागद. त्यावर लाल शाईत सहा.

स्तामेनानं तो आकडा तीनदा वाचला. "हे कसं काय?"

"उत्तर बरोबर आहे म्हणून."

"पण तुम्ही तर ॲनिसोल..."

"बाई, सोडियम फसफसल्यावर मला कळणार नाही? मी काय लाइप्झिगला सहा वर्षं भांडी घासली?" मग ते जरा खाली मान घालून म्हणाले, "नळी भरण्याआधी तपासायला हवं होतं. माझी चूक. ती लपवायला तुम्ही मला मदत करता का, तेवढं बघत होतो. केली असती, तर आज तुम्ही खाली कोट मोजत असता."

स्तामेनाला रडू आलं आणि ते तिनं अजिबात आवरलं नाही. मुताफोवांनी चहाचा कप पुढे सरकवला आणि तिचं रडणं पुरतं थांबायच्या आतच त्यांचा स्वभाव उसळून आला.

"एक मात्र चुकलं. तुम्ही पंचेचाळीस टक्के लिहिलंय. हे मापक तेहेतीस दाखवतंय."

स्तामेनाचे डोळे क्षणात कोरडे झाले. "साखर असलेल्या द्रवात मापक सोडलंत? साखरेनं द्रव जड होतो. मापक खोटंच सांगणार! आधी ऊर्ध्वपातन करा, मग मोजा. दुसऱ्या वर्षाच्या पोरांना येतं हे!"

मुताफोव कानापर्यंत लाल झाले. मान कुठल्या दिशेनं हलवावी हे त्यांना काही केल्या ठरवता येईना. "मग... दाखवा," ते म्हणाले.

तिनं बाह्या सरसावल्या. चंबू लावला, थंड पाण्याची नळी जोडली, अल्कोहोल थेंब थेंब पलीकडे उतरवलं, त्यात मूळ मापाइतकं ऊर्ध्वपातित पाणी भरलं, तपमान बघितलं आणि मापक सोडलं. दोघंही वाकून बघायला लागले.

एकोणचाळीस.

"शक्य नाही," स्तामेना म्हणाली. तिनं पुन्हा सगळं केलं. पुन्हा एकोणचाळीस. "मी पंचेचाळीसची करते. नेहमी. माझा हात चुकत नाही!"

"म्हणजे काल तुम्ही मोजलं नव्हतं?"

मोजलं नव्हतं. बाटली आपली, म्हणून आत काय आहे ते आपल्याला ठाऊकच, असं धरून लिहून टाकलं होतं. हळूहळू तिच्या ध्यानात आलं, आणि आठ मार्चनंतर बाटली कशी कमी झालेली दिसत नाही याचं तिला जे कौतुक वाटायचं, तेही आठवलं.

"पाणी घातलंय कुणीतरी!" ती ओरडली. "चोरून प्यायचा आणि वरून पाणी भरायचा! तो ग्युरोव! म्हणून काल बाटली आणायला एवढा धावत होता! थांबा, त्याला आत्ताच्या आत्ता..."

ती दारापर्यंत गेली. मग परत आली. टेबलावरचं लाल पेन उचलून तिनं आपल्या उत्तरातलं पंचेचाळीस खोडलं, वर एकोणचाळीस लिहिलं, आणि समासात बारीक अक्षरात: 'मोजल्याशिवाय लिहिलं होतं.' खाली सही केली.

"आता सहाचे पाच होतील," मुताफोव म्हणाले.

"होऊ देत. पण त्या चोराला मी सोडणार नाही."

"जरूर सोडू नका." मुताफोवांनी चष्मा काढून पुसला. "फक्त तक्रारीत काय लिहायचं ते सांगा. त्यानं तुमची मास्तिका चोरली. आणि अल्कोहोल कुणाचं होतं म्हणायचं?"

स्तामेनाला जे हसू फुटलं, ते काही केल्या थांबेना, आणि ओट्याला धरून ती हसत राहिली. ओटा तिचाच होता.